जानरावचा बिरेक

रिठदच्या जानरावचं नाक दिसायला काही विशेष नाही. जरासं बसकं, आणि शेंड्यावर लहानपणी गोऱ्ह्याच्या शिंगानं काढलेला ओरखडा. पण पंगतीचा स्वयंपाक करणाऱ्या माणसाचं अर्धं भांडवल त्याच्या नाकात असतं, आणि जानरावचं भांडवल रिसोडपासून पार आसेगावपर्यंत नावाजलेलं होतं.

त्याचं कारण सांगतो. आपल्याकडे भंडाऱ्याची भाजी देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय कोणी चाखत नाही. चाखली की उष्टी झाली. घरच्या पातेल्याचं ठीक आहे. मीठ कमी पडलं तर नवरा बोलतो, बायको ऐकून न ऐकल्यासारखं करते, विषय संपतो. पण चुलाणावर वांग्याच्या भाजीच्या मोठाल्या कढया आणि समोर अख्खं गाव पत्रावळी मांडून बसलेलं, तिथं चाखल्याशिवाय मीठ कसं कळावं? जानराव वाफेवरून सांगायचा. उकळी फुटली की खांद्यावरचा दुपट्टा मागे टाकायचा, कढईवर वाकायचा, डोळे मिटून वाफ ओढायचा आणि म्हणायचा, "आणखी एक ओंजळ." नाहीतर म्हणायचा, "झालं. देवाले बोलवा." देव तरी काय करणार, येऊन जेवायचा.

आसेगावच्या एका लग्नातली गोष्ट आहे. जानराव पाणी प्यायला बाजूला गेला तेवढ्यात नवरीच्या मामाला मदत करायची हुक्की आली आणि त्यानं वरणात आपली एक मूठ मीठ टाकून दिलं. जानराव परत आला तो चुलाणापासून लांबच थांबला. "वरणाले कोनं हात लावला?" मग स्वतःच म्हणाला, "ज्यानं लावला असन त्यानं मुकाट्यानं बटाटे सोलाले बसा. बटाटे खारटपना ओढून घेतात." मामा मान खाली घालून बसला सोलायला. तिकडे मंगलाष्टकं सुरू झाली, नवरीच्या पाठीशी मामा उभा लागतो, आणि मामाचा कुठे पत्ता नाही. अंतरपाट धरून माणसं खोळंबली. शेवटी मामाला बटाट्यांतून उठवून नेलं तेव्हा त्याच्या हातात अक्षतांच्या जागी साल होती. तेव्हापासून जानरावच्या कढईकडे कोणी फिरकत नसे.

तर असं ते नाक. आणि त्या नाकानं या चैत्रात दगा दिला.

हनुमान जयंतीचा भंडारा होता. रोडगे आणि वांग्याची भाजी, दुसरं काय असणार. गोवऱ्यांच्या आरात कणकेचे रोडगे भाजले जात होते, धूर असा की देवळाचा कळस दिसेना. जानराव कढईवर वाकला, वाफ ओढली. काही नाही. गरम लागलं, वास नाही. त्याला वाटलं वारा फिरला असेल. दुसऱ्या बाजूनं ओढली. तेच. त्यानं अंदाजानं एक ओंजळ टाकली. मग मनाला पटेना म्हणून आणखी एक. मग चेहऱ्यावर काही न दाखवता म्हणाला, "झालं. देवाले बोलवा."

देवानं काही तक्रार केली नाही. पंगत बसली, रोडगे फोडले, तुपाची धार झाली, पहिला घास गेला, आणि बोलता मांडव गप्प झाला. प्रसादाला नाव ठेवायची आपल्याकडे रीत नाही. सगळे खाली मान घालून जेवू लागले. फक्त पाणी वाढणाऱ्यांची धावपळ उडाली. "पानी इकडे." "पानी आना लवकर." पहिली पंगत अर्धी व्हायच्या आत टाकी खडखडली. बायकांच्या ओळीत भागिरथाबाई बसल्या होत्या. वय झालेलं, कोणाची भीड नाही. त्यांनी द्रोण खाली ठेवला आणि म्हणाल्या, "जानराव, भाजी चांगली केली बापा. फक्त मले जेवाले विहिरीत उतरावं लागते."

मांडव हसला. जानरावही हसला, पण ते हसू घरी पोचेपर्यंत टिकलं नाही.

घरी रुख्मिणी कांदा परतत होती. त्यानं दारातूनच विचारलं, "काय करून राह्यली?"

"दिसत नाही का?"

"दिसते. वास नाही येत."

रुख्मिणीनं झारा खाली ठेवला. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याच्या तोंडून पुष्कळ ऐकलं होतं, हे कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघं जीपनं रिसोडला गेले. डॉक्टरनं नाकात उजेड पाडून पाहिलं, दोन बाटल्या नाकाशी धरल्या. एकीत अत्तर होतं म्हणे, एकीत कापूर. जानरावला दोन्ही बाटल्या सारख्याच. डॉक्टर म्हणाला, "नाक गेलेलं नाही, थकलं आहे. इतकी वर्षं धूर खाल्ला आहे त्यानं. दिवाळीपर्यंत चुलाणाजवळ जायचं नाही. वास परत येईल बहुतेक."

औषध साधं होतं, पण जानरावला त्यातला 'बहुतेक' लागला. परतीच्या जीपमध्ये तो एकच वाक्य बोलला. "वास आला नाही त मी कोन?" रुख्मिणी म्हणाली, "माह्या घरचा मानूस." पण तेवढ्यावर त्याचं समाधान होईना.

नात संस्कृती पुण्याला कंपनीत आहे. तिचा संध्याकाळी फोन आला. आजीनं सगळं सांगितलं आणि फोन आबाच्या कानाला लावला.

"आबा, यात घाबरासारखं काय हाये? आमच्या इथं लोक स्वतःहून घेतात. याले करिअर ब्रेक म्हणतात. आमच्या मॅडमनं घेतला होता. जाताना सगळ्यायवर खेकसत होती, आली तं हसून बोलते."

"तिचं नाक गेलतं का?"

"नाही. डोकं गेलतं. तुम्ही मले सांगा, तुम्ही आयुष्यात कधी सुट्टी घेतली?"

"लोकायले सुट्टी असते तवा ते लग्न करतात. मंग मले कशी असन?"

"म्हणूनच आता घ्या."

"अन् लोकायले काय सांगू? नाक गेलं म्हनून सांगतलं त पुन्हा कोनी चुलाणापाशी उभं करनार नाही."

"सांगा ना, ब्रेक घेतला म्हणून."

जानरावला शब्द आवडला. लहान होता, इंग्रजी होता, आणि त्यात नाक नव्हतं.

सकाळी दौलतसिंग आला. तांड्यावरचा दौलतसिंग म्हणजे जानरावचा जुना दोस्त. काळी-पिवळी जीप चालवून म्हातारा झालेला, आता पोरं चालवतात आणि हा त्यांच्या चुका काढतो. ओट्यावर टेकला आणि म्हणाला, "जानरावभाऊ, काल डाक्टरकडे दिसला म्हने. काय झालं?"

"काही नाही. बिरेक घेतला."

दौलतसिंगचा आयुष्यात एकाच प्रकारच्या ब्रेकशी संबंध आला होता. त्यानं जानरावकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि त्याची नजर छातीवर येऊन थांबली. "कुठं बसवला?"

जानरावला वाटलं, कुठे बसून आराम करणार असं विचारतोय. "हे काय, घरीच."

"दुखलं का?"

"सुरुवातीले दुखते थोडं. मंग सवय होते म्हने."

दौलतसिंग चहा न पिता उठला. बातमी इतकी जड होती की ती त्याला कुठेतरी लगेच उतरवायची होती.

दुपारपर्यंत गावभर झालं की जानरावचं काळीज फार पळत होतं म्हणून त्याला आतून ब्रेक बसवला. संध्याकाळी लोक भेटायला येऊ लागले. कोणी बिस्किटाचा पुडा आणला, कोणी शहाळं. एक जण म्हणाला, "चढावर जपून, जानरावभाऊ. उतारावर काही नाही, तिथं तो आपोआप लागत असन." दुसऱ्यानं विचारलं, "पावसाळ्यात चालते का नीट? ओला झाला की धरत नाही." शाळेवरच्या वर्षाराणी मॅडमना खरं काय ते समजलं होतं, पण त्यांनी समजावायला सुरुवात केली तेव्हा लोकांनी त्यांनाच सांगितलं की मॅडम, ते पुस्तकातलं झालं, आम्ही मानूस पाहून आलो.

जानराव वैतागला. "मी उद्या देवळावरच्या भोंग्यातून सांगतो खरं काय ते."

रुख्मिणी शहाळं फोडत होती. "कायले? आतापर्यंत तीन जनाचे फोन आले लग्नाच्या सयपाकासाठी. म्या म्हनलं, त्यायले बिरेक हाये, धूर चालत नाही. तिघंही म्हने, माय व, आराम करू द्या. नाकाचं सांगतलं असतं त असे म्हनले असते का?" तिनं मलईचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला. "राहू द्या बिरेक. चांगला हाये."

तर असा जानरावला ब्रेक लागला, आणि तो लोकांनी लावून दिला. त्यानं स्वतः घेतला असता तर आठ दिवसांत सोडला असता, हे मी लिहून देतो.

पहिले काही दिवस फार वाईट गेले. त्याचे नाही, रुख्मिणीचे. माणूस रिकामा, आणि घरात चूल एकच. "तेल अजून तापू दे." "वांगं असं नाही चिरत." "जिरं कुठं गेलं?" एका सकाळी तिनं उलथनं त्याच्या हातात दिलं आणि ती शेजारी जाऊन बसली. पण त्याला चुलीजवळ जायची मनाई. तो उलथनं धरून अंगणात उभा. समोरून जाणारा माणूस विचारी, "काय जानरावभाऊ, कुठं निघाले?" शेवटी शेजारी जाऊन त्यानं कबूल केलं की यापुढे पोळी जशी येईल तशी गोल समजू.

मग वैशाख आला. रिसोडहून एक लग्नपत्रिका आली आणि तिच्यावर चक्क 'सहकुटुंब' होतं. जानरावनं पत्रिका उलटसुलट केली. आजवर त्याच्याकडे पत्रिका यायची ती तारखेसाठी, सामान किती लागेल त्याच्या हिशेबासाठी. जेवायला या म्हणून आलेली ही पहिली.

"जाऊन यू," रुख्मिणी म्हणाली. म्हणाली साधंच, पण ट्रंकेतून जरीचं पातळ आधीच काढलेलं होतं.

आता एक लक्षात घ्या. ही बाई आयुष्यभर लग्नांना एकटी गेली. नवरा त्याच मांडवात असायचा, मांडवामागं चुलाणापाशी, काळाठिक्कर, घामानं निथळणारा. कोणी विचारलं, "तुमचे हे नाही आले?" तर ती धुराकडे बोट दाखवायची. आज पहिल्यांदा ती आणि तो एका जीपमधून उतरले, आणि उतरल्यावर तो मागच्या बाजूला वळला तेव्हा तिनं त्याच्या सदऱ्याचं टोक धरलं. "अवो, इकडून. पाव्हने समोरून जातात."

स्टेजवर नवरानवरीशेजारी उभं राहून फोटो काढायचा असतो हे जानरावला ऐकून माहीत होतं. फोटोवाला म्हणाला, "काका, जरा काकूंच्या जवळ सरका." काका सरकले. काकू फोटोत अशा हसल्यात की नवरी कोण हे पाहणाऱ्यानं दागिन्यांवरून ओळखावं.

जेवायला तो पुरुषांच्या ओळीत शेवटी बसला. बसायची सवय नव्हती, गुडघे कुरकुरले. आणि मग त्याला पंगत जमिनीवरून दिसली. कढईजवळून पंगत म्हणजे किती द्रोण भरायचे एवढंच दिसतं. इथून भलतंच दिसत होतं. वाढपी पहिल्या माणसापासून निघाला, वाटेत जावई लोकांपाशी थांबला, बादली हलवून हलवून वांगी वर काढून दिली, आणि शेवटी जानरावपर्यंत आला तेव्हा बादलीत रस्सा होता आणि रश्श्यात एक देठ. तो देठ त्यानं मोठ्या प्रेमानं जानरावच्या द्रोणात सोडला. रोडगा आला तोही निवलेला, त्यावर तूप पसरायच्या ऐवजी गोळा होऊन बसलं.

शेजारचा म्हातारा म्हणाला, "पाव्हने, पहिल्यांदाच शेवटी बसले वाटते?"

"हो. रोज असंच असते का?"

"आमी रिठदच्या त्या जानरावच्या पंगतीतही बसलो. तिथंही देठच."

जानरावनं देठ चोखून खाल्ला. एवढ्या वर्षांत आपण किती लोकांना देठ जेवू घातले असतील याचा त्याला अंदाज येईना, आणि तो यायच्या आत त्यानं विचार करणं थांबवलं, कारण म्हाताऱ्यानं एक भानगडीची गोष्ट सुरू केली होती. ती ऐकता ऐकता पंगत उठली तरी हे दोघं बसलेले.

त्या उन्हाळ्यात जानरावनं इतकी लग्नं जेवली की लोक म्हणू लागले, बिरेक बसवल्यावर भूक वाढते वाटते. त्याला पाहून आचारी घाबरायचे, पण तो कढईकडे बघायचाही नाही. बायकोबरोबर आसेगावला बहिणीकडे राहून आला. नातवाला, उत्कर्षला, पत्ते शिकवले आणि मग त्याच्याकडून हरू लागला. खोकला कधी गेला ते कळलंच नाही. पण मनात एक गोष्ट रोज टोचायची. रोज सकाळी तो उठल्याबरोबर हवा ओढायचा आणि काही न सापडल्यावर तोंड धुवायला जायचा.

श्रावणात पहिला वास आला. जानरावला वाटलं होतं की पहिला वास मोगऱ्याचा येईल, निदान भाकरीचा तरी. आला तो दौलतसिंगच्या बोकडाचा. जानराव त्या बोकडाच्या अंगाला नाक लावून इतका वेळ उभा राहिला की दौलतसिंगनं विचारलं, "घ्याचा हाये का?"

"नाही. वास घेऊन राह्यलो."

"बिरेकाचं पथ्य हाये का हे?"

"हो."

मग हळूहळू एकेक वास घरी परतले. पोळ्याला पुरणाचा. रिसोडच्या स्टँडवर डिझेलचा. बाजार समितीत सोयाबीनचे ढीग लागले तेव्हा त्या कोरड्या धुळीचा. दिवाळीत उटण्याचा. पण मिठाचा? मीठ वाफेतच कळतं, आणि तेही मोठ्या कढईच्या. घरच्या पातेल्याची वाफ एवढीशी, तिच्यावरून काही ठरत नाही, असं तो रुख्मिणीला सांगायचा. खरं असं की त्याला ठरवायचंच नव्हतं. नाही आला वास, तर मग 'बहुतेक'सुद्धा उरत नाही.

मार्गशीर्षात देवळाचा भंडारा ठरला. कढईवर हरिसिंग होता, दौलतसिंगचा पुतण्या. चाळिशीचा बाप्या, जानरावच्याच हाताखाली तयार झालेला आणि उन्हाळ्यापासून सगळी कामं सांभाळणारा. जानराव पाहुणा म्हणून आला. धुतलेला सदरा घालून, पंगतीत जागा धरून बसला. समोरच्या ओळीत रुख्मिणी, तिच्या शेजारी भागिरथाबाई.

वारा चुलाणाकडून आला. आणि जानरावची मान वर झाली.

चार कढया होत्या. तीन कढयांची वाफ भरलेली, गोलसर, ओळखीची. चौथीची वाफ पोकळ. तिखट होतं, तेल होतं, वांगं होतं, आणि मधे काहीच नव्हतं. तो उठायला गेला आणि थांबला. चुकलो असलो तर? आत्ता बोललो, मीठ पडलं, आणि ते आधीच असलं, तर चैत्रातलीच गत. या खेपेला लोक हसणारही नाहीत, कीव करतील. गप्प बसलं तर कोणी विचारणार नव्हतं. चूक झालीच तर ती हरिसिंगची.

रुख्मिणी त्याच्याकडे बघत होती. तिनं पत्रावळीवरचा हात काढून घेतला, म्हणजे आता उशीर होणार हे तिला कळलं.

जानराव उठला आणि चुलाणाकडे चालू लागला. लगेच चौघं धावले. "अरे धरा, बिरेकवाला धुरात चालला." एकानं दंड धरला, एकानं पाण्याचा तांब्या आणला. दौलतसिंग लांबून ओरडला, "हळू घ्या त्याले, एकदम नका थांबवू."

"सोडा रे," जानराव म्हणाला. "हरिसिंग, इकडे ये. कडेच्या कढईत मीठ नाही."

हरिसिंगचं तोंड उतरलं. "काका, चारीत टाकलं. म्या सोता टाकलं."

"तवा तुले कोनी बोलावलं होतं का?"

हरिसिंग आठवू लागला. "नारळ फोडाले बोलावलतं. पन मंग मी आलो अन्…" पुढचं त्याला सापडेना. नैवेद्य व्हायचा होता, चाखता येत नव्हतं. पुजारी ताट घेऊन उभा. हरिसिंग हळूच म्हणाला, "काका, तुमी म्हनता त टाकतो. पन खारी झाली त लोक मले धरतीन."

जानराव मांडवाकडे वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "या कडेच्या कढईतलं मीठ माह्यं हाये. चांगलं निघालं त हरिसिंगचं. वाईट निघालं त जानरावचं." मग कढईवर वाकला, डोळे मिटले, वाफ ओढली. "दोन ओंजळी. अन् दुसरीतलं थोडं हातात ठेव."

मीठ पडलं. नैवेद्य झाला. जानराव जागेवर येऊन बसला. हरिसिंगला त्यानं सांगून ठेवलं होतं की कडेची कढई आमच्या आणि समोरच्या ओळीला वाढ, आणि वाढायला शेवटापासून सुरुवात कर. वाढपी गोंधळले, पण शेवटच्या माणसाच्या द्रोणात वांगं पडलं, अख्खं, पोटाला चीर असलेलं, आणि तो माणूस त्या वांग्याकडे चुकून आल्यासारखा पाहत राहिला.

जानरावनं रोडगा फोडला. कुस्करला. रस्सा घेतला. घास केला आणि तसाच धरून ठेवला. समोर रुख्मिणीही घास धरून होती. तिनं आधी खाल्ला. चावला. गिळला. मग चेहऱ्यावर काहीएक न दाखवता दुसरा घास केला, जरा मोठा. त्यानं तो मोठेपणा पाहिला आणि मग स्वतः खाल्लं.

मीठ जिथं असायला पाहिजे तिथंच होतं.

भागिरथाबाईंनी रिकामा द्रोण उचलून वाढप्याला दाखवला. "हे कडेच्या कढईतलंच हाये ना? वाढ मंग."

हरिसिंग बादली घेऊन जानरावपाशी आला आणि तिथंच उकिडवा बसला. "काका, परवा रिसोडले लग्न हाये. मोठं हाये. माह्यानं एकट्यानं नाही होत. तुमी या कढईवर."

जानरावचं तोंड भरलेलं होतं. तो हो म्हणायला निघालाच होता. सवय इतकी जुनी की मान आधीच अर्धी हलली. तेवढ्यात समोरच्या ओळीतून आवाज आला.

"त्या लग्नाची पत्रिका आपल्या घरी आली हाये," रुख्मिणी म्हणाली. "सहकुटुंब."

जानरावनं घास गिळला. "हरिसिंग, माघ लागला की येतो. एका आड एक काम करू, तू अन् मी. पन परवा मी पाव्हना हाये." मग द्रोण पुढे केला. "थोडा रस्सा वाढ. अन् ऐक, परवा मी समोरून येईन. मले मांगं बोलावजो नको."